पांडू मार्करचा उलटा हात

त्या दिवशी कोर्टावर कोण कोण होतं ते आधी लिहिते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की शेवंतीने मनाचं घातलं. मी होते. द्रौपदी होती, बेळगावकडची, उजवा हात प्लास्टरात, चिंचेखाली बसलेली. छोटा साहेब होता. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला मुलंबाळं आहेत. साहेबाबरोबर खेळायला आलेले स्टोअरचे मोने काका होते, ते दमून कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसले होते. जीपचा ड्रायव्हर इनास गेटाकडे विडी ओढत होता. आणि पांडू मार्कर होता. सहा जण. त्यातले मोने काका गेले, इनास गेला, पांडू गेल्या शिमग्याच्या आधी गेला. साहेब आणि द्रौपदी कुठे आहेत ते मला माहीत नाही.

मी तिसरीपर्यंत शिकले, आमच्या दोडामार्गाकडे. अक्षर वाकडं आहे, पण लागतं.

डिचोलीला खाणीच्या कंपनीचा क्लब होता. साहेब लोक संध्याकाळी यायचे, पत्ते खेळायचे, प्यायचे आणि टेनिस खेळायचे. टेनिसचं कोर्ट सिमेंटचं नव्हतं. लाल माती चोपून वर शेणाने सारवलेलं होतं, आपल्या खळ्यासारखं. माझा नवरा सुर्लाला ट्रकाखाली गेला, त्याच्या जागी मला हे सारवायचं काम मिळालं. पहाटे दोन बायकांनी बसायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि उन्हं वर यायच्या आत उठायचं. दुपारपर्यंत सुकायचं, संध्याकाळी साहेब खेळायचे, दुसऱ्या दिवशी परत.

पांडू तिथला मार्कर. मार्कर म्हणजे साहेबाला जोडीदार नसला की समोर उभा राहून चेंडू मारणारा माणूस. जाळी बांधायची, चुना मारायचा, चेंडू पुसायचे, तेही त्याचंच. पेडण्याचा. उंच, सुका, काळा. डाव्या हाताला दोनच बोटं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. ट्रकावर हमाल होता तेव्हा मागचा फाळका हातावर पडला. लोक सांगायचे, तो ओरडला नाही. फाळका उचलायला सांगितला, उचलल्यावर हात बघितला, आणि ड्रायव्हरला एक उलट्या हाताची दिली, ड्रायव्हरचे दोन दात पडले. मग बेशुद्ध झाला. कंपनीने त्याला क्लबात टाकला. तेव्हाचा म्हातारा साहेब बरा होता, त्याला खेळायला कोणी नव्हतं, त्याने पांडूला शिकवलं.

पांडू अनवाणी खेळायचा. एका हाताने. सुलट फटका त्याचा बरा होता, कोणाचाही असतो तसा. पण चेंडू डाव्या बाजूला आला की बघायचं. उजवा खांदा आत घ्यायचा, इतका की समोरच्याला त्याची सगळी पाठ दिसायची. रॅकेटची मान त्या डाव्या दोन बोटांत धरून मागे खेचायची. उजवा पाय पुढे टाकायचा, गुडघा वाकवायचा. मग ती दोन बोटं सोडायची, आणि उजवा हात सरळ काठीसारखा सुटायचा. डावा हात तेवढाच मागे जायचा, म्हणून छाती उघडी पडायची नाही. चेंडू अंगाच्या पुढे, गुडघ्याच्याही पुढे लागायचा. आवाज वेगळा यायचा. सुकं लाकूड मोडल्यासारखा.

ह्यातलं मला कसं कळतं म्हणून विचाराल. मला सारवणाने शिकवलं. सकाळी सारवायच्या आधी पांडू यायचा आणि आदल्या दिवशीच्या पायाच्या खुणा बघत चालायचा. सुकलेल्या सारवणावर बूट घासला की फिकी रेघ उठते. त्या बघून तो सांगायचा, इथे साहेब पडला असता, इथे टाच उचलली नाही, इथे कमरेतून वळला नाही म्हणून चेंडू जाळीत गेला. पहिल्यांदा मला ते थापा वाटलं. मग मीही बघायला लागले. पांडूचा स्वतःचा पाय ओळखायला सोपा. उजव्या पायाचा अंगठा खोल रुतलेला, आणि पाऊल तिथल्या तिथे जरासं फिरलेलं. घसरलेलं कधी नाही.

एकदा माझा हात सुजला. त्याने बघितलं आणि म्हणाला, "गो शेवंते, तू कोपरातसून सारवतंस. खांद्यातसून हात फिरय. जोर हातात नसता, पाठीत आसता." तसं केलं तर खरंच सूज उतरली. माझी अर्धगोल सारवणी आणि त्याचा फटका ह्यांत तो काही फरक करायचा नाही. साहेबांच्या कोपराला पट्टे असायचे, त्यांना बघून हसायचा. म्हणायचा, ह्यांना चार दिवस शेणात बसवा, बरे होतील.

तो चांगला माणूस होता असं मी लिहिणार नाही. त्याच्या बायकोला, सरस्वतीला, एका कानाने ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर वर्षभरात मारलं त्याने, त्याच हाताने. हे तिनेच मला सांगितलं, तांदूळ निवडताना, शेजारणीचं सांगावं तसं. त्यानंतर त्याने परत तिच्यावर हात उगारला नाही, पण कान काही परत आला नाही. तो तिच्या चांगल्या कानाच्या बाजूने बसायचा. कधी विसरून दुसऱ्या बाजूला बसला तर उठून फिरून यायचा. दोन मुली होत्या, त्यांना त्याने कधी बोटही लावलं नाही. हात खिशात घालून ओरडायचा.

पिसाळलेल्या कुत्र्याचं सांगते. पहाटेची वेळ, मी आणि माझ्या बरोबरीची बाई ओणवून सारवत होतो. कुत्रा गेटातून आत आला, तोंडाला फेस, मान एका बाजूला. आम्ही कोर्टाच्या मधोमध, पळायला जागा नाही. पांडू पलीकडच्या टोकाला चेंडू पुसत होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, हलू नका. चेंडू जमिनीवर टाकला, उसळला, आणि पाठ फिरवून मारला. कुत्र्याच्या कानाखाली बसला. कुत्रा जाग्यावर आडवा. मग पांडू चालत आला आणि रॅकेटीच्या कडेने त्याचं डोकं फोडलं, चार वेळा, पाच वेळा, मेल्यावरही. रक्त ओल्या सारवणावर उडालं. नंतर त्यानेच तो गाडला, आणि आम्हाला म्हणाला, एवढा तुकडा परत सारवा. त्या दिवशी तो जेवला नाही. पाववाल्या पोदेराकडचे उंडे, ते गोल पाव, आणले होते, ते तसेच राहिले.

हे लिहिलं ते अशासाठी, की त्याचा चेंडू कुठे जायचा ते समजावं.

म्हातारा साहेब गेला आणि छोटा साहेब आला. शिकलेला, गोरा, तिशीतला. टेनिसचं त्याला वेड होतं. उलटा हात मात्र त्याचा कोपरातून. पांडूने एकदा सांगितलं की साहेब, कोपर पुढे काढू नका.  संध्याकाळी साहेबाने सगळ्यांसमोर पांडूला चेंडू गोळा करायला लावले, एक एक करून, धावत. पांडूने केले.

माझ्या बरोबरची बाई बाळंतपणाला गेली, तिच्या जागी द्रौपदी आली. वीस-बावीस वर्षांची. नवरा बांधकामावर. हसरी होती, बोलकी. मला मावशी म्हणायची. आम्ही पातळ सारवायचो, तिचा हात जाड. मी सांगितलं, तर म्हणाली, "आमच्याकडं असंच लावत्यात की मावशी, वर्षभर हालत न्हाई." घाटावर तसं चालतं. तिकडे वारा कोरडा, दोन तासांत खडखडीत होतं. इथे समुद्राची दमट हवा, जाड थर वरून सुकतो आणि आत ओला राहतो. मी परत सांगायला हवं होतं. मी म्हटलं, शिकेल.

संध्याकाळी साहेब चेंडूमागे धावला, सारवणाची साल सुटली, आणि तो आपटला. पांढरी पँट शेणात. बाहेर बसलेल्यांतलं कोणीतरी हसलं. साहेब उठला, त्याने विचारलं हे कोणी केलं. द्रौपदी चेंडूंची टोपली घेऊन उभी होती. मी म्हणाले असते, पण ती आधीच म्हणाली, मी. तिला वाटलं तो नुसता ओरडेल. साहेबाने रॅकेट उचलली. तिने तोंडापुढे हात धरला. रॅकेटची कड मनगटावर बसली, आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. ती खाली बसली तर पाठीत आणखी दोन. पोटात लाथ. कोणी उठलं नाही. मीही उठले नाही. पांडू जाळीचा खांब धरून उभा होता. खांब हलत होता.

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरने सांगितलं जुळेल, पण वाकडं. सारवणाऱ्या बाईचा उजवा हात वाकडा झाला तर तिने काय करायचं ते डॉक्टरला कोणी विचारलं नाही. कंपनीने तिला कामावरून काढलं, काम नीट करत नाही म्हणून.

तेव्हा भाषेचं भांडण पेटलं होतं. कोणाला मराठी हवी होती, कोणाला कोंकणी, आणि गोव्याचं वेगळं राज्य होणार म्हणून सगळेच तापलेले. आमच्यासारख्यांना दोन्ही येत होत्या आणि दोन्हींत शिव्या खायची सवय होती. रस्त्यावर झाडं पाडून टाकायचे, ट्रकांच्या काचा फोडायचे. ओळखीची माणसं एकमेकांच्या दारात थांबेनाशी झाली. अशाच एका बंदच्या दिवशी ट्रक उभे, ऑफिस बंद, म्हणून साहेब सकाळीच खेळायला आला. मी आदल्या पहाटे सारवलं होतं, एकटीने, पातळ; बंद म्हणून त्या दिवशी सारवलंच नव्हतं. कोर्ट तव्यासारखं सुकं होतं.

द्रौपदी चिंचेखाली येऊन बसली होती. काम परत मागायला. साहेब तिच्याकडे बघत नव्हता. मोने काका थोडं खेळले आणि दमले. मग साहेबाने पांडूला बोलावलं.

मी रेघेच्या बाहेर केरसुणी घेऊन उभी होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पांडूने विचारलं, "सायब, तिका परत कामार घेशात?"

साहेब म्हणाला, "तू तुझं काम कर. बायका काय, ढिगाने मिळतात."

पांडूने मान हलवली. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "तर सायब, आज जाळीर येवा. जवळचो खेळ करूया."

साहेब जाळीजवळ आला. पांडू मागे उभा राहून हळू मारत होता, साहेब ते हवेतल्या हवेत परतवत होता. चांगलं चाललं होतं. साहेबाला मजा वाटली. म्हणाला, "हातात दम नाही का रे? जोरात मार."

पुढचा चेंडू पांडूच्या डाव्या बाजूला आला. मी त्याची पाठ बघितली, खांदा आत गेला तो बघितला. गरज होती त्यापेक्षा थोडा जास्तच थांबला. मग ती दोन बोटं सुटली.

चेंडू साहेबाच्या उजव्या डोळ्यात बसला. साहेब ओरडला तसं मी बाळंत होणाऱ्या बाईलाही ओरडताना ऐकलं नाही. पडला, हाताखालून रक्त यायला लागलं. मोने काका कदेलावरून उठले आणि परत बसले. द्रौपदी उठून उभी राहिली होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

पांडूने रॅकेट भिंतीला टेकवली, नीट. मग येऊन साहेबाला लहान पोरासारखा उचलला आणि जीपीत घातला. मला म्हणाला, डोकं धर. इनासने गाडी काढली. म्हापशाच्या इस्पितळाच्या वाटेवर आंब्याचं झाड आडवं पाडलेलं होतं, पन्नासेक माणसं, हातात दांडे. इनास उतरून हात जोडायला लागला. ते विचारत होते, तुम्ही कोणत्या बाजूचे. इनासने एक सांगितलं तर एकजण म्हणाला खोटं बोलतोस, आणि त्याच्या तोंडात मारली. साहेबाचं डोकं माझ्या मांडीवर, माझं लुगडं भिजलेलं. साहेब पुटपुटत होता, त्याने मुद्दाम मारलं, मुद्दाम मारलं.

पांडूने जीपीतला कोयता घेतला. लोक मागे सरले, त्यांना वाटलं आपल्यावर येतो. तो झाडाच्या फांद्या तोडायला लागला. एका हाताने, उलट्या हाताने, पाठीतून. एका पोरग्याने मागून दांडा हाणला, खांद्यावर. पांडू थांबला नाही. दुसरा हाणला. तरी थांबला नाही. चार-पाच दांडे खाल्ले असतील. मग मारणारेच थांबले, आणि त्यांच्यातलेच दोघे फांद्या ओढायला आले. तास गेला असेल. डॉक्टर म्हणाला, डोळा आधीच गेला होता, पण रक्त अजून गेलं असतं तर माणूस गेला असता.

तर दोन्ही त्यानेच केलं. ह्याचा अर्थ काय तो मला लावता आलेला नाही.

उन्हं कलताना मी म्हापशाहून चालत क्लबात परत आले. कोर्टावर कोणी नव्हतं. जिथे पांडू उभा होता तिथे गेले. उजवा पाय, अंगठा खोल, पाऊल तिथल्या तिथे फिरलेलं. बोट जाळीकडे, साहेब होता तिकडे. घसरल्याची एक रेघ नाही. जो कोणी वाचू शकेल त्याला सगळं तिथे लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते सारवलं.

वाटा मोकळ्या झाल्यावर फौजदार आला. साहेबाने तक्रार दिली होती. फौजदाराने सगळ्यांना विचारलं. मोने काका म्हणाले त्यांचं लक्ष नव्हतं. पांडू मान खाली घालून उभा होता, मागे सरस्वती दोन मुलींना घेऊन. मला विचारलं, कोर्ट का सारवलंस. मी म्हटलं, रोजचं काम. मग विचारलं, तू काय बघितलंस. मी म्हटलं, पांडूचा पाय घसरला. कोर्ट ओलं होतं. मी त्या दिवशी पहाटे जाड सारवलं होतं, चूक माझी. द्रौपदीला विचारलं, तीही म्हणाली, ओलं होतं. तिला कोर्ट ओलं असण्याबद्दल काय ते कळत होतं.

पांडूने मान वर केली. तोंड उघडलं. सरस्वतीने मागून त्याचा सदरा धरला. त्याने तोंड मिटलं.

अपघात म्हणून लिहिलं. मला काढलं, निष्काळजी म्हणून. पांडूलाही काढलं, चेंडू नीट मारता येत नाही असला मार्कर नको म्हणून. खोली सोडायच्या दिवशी तो माझ्या दारात आला, आत आला नाही. म्हणाला, "शेवंते, तू माका वाचवलंस. पण माझो हात चोरलंस." मी म्हटलं, तुरुंगात गेला असतास तर पोरींना कोणी बघितलं असतं. तो म्हणाला, ते मला कळतं. आणि गेला.

डिचोलीच्या बाजारात मग तेच झालं, पांडू मार्करचा हात चुकला. दारू पिऊन होता म्हणाले. लुळ्या हाताचा माणूस, त्याला कशाला ठेवला होता, असंही म्हणाले. तो काही बोलू शकत नव्हता. बोलला असता तर पकडला असता.

मी काजूच्या बिया फोडल्या, शेतात गेले, चार घरची भांडी घासली. दिवस गेले.

त्याला शेवटचा बघितला पेडण्याला, भाचीच्या सासरी गेले होते तेव्हा. भात कापून झालेलं. वाटेवरून जाताना एका खळ्यात म्हातारा भात झोडत होता. एका हाताने पेंढी धरून दगडावर आपटायची. सगळे वरून खाली आपटतात, हा बाजूने घेत होता, सगळी पाठ माझ्याकडे. दाणे भिंतीपर्यंत उडत होते. सरस्वती म्हणत होती, अहो, सगळं शेजारच्याच्या खळ्यात घालताय. मी हाक मारली. त्याने वळून बघितलं, ओळखलं. घाम पुसला. मुलींची लग्नं झाली म्हणून सांगितलं, थोरली इथेच, धाकटी केरीला. मी विचारलं, त्यांना काही सांगितलंस का. तो म्हणाला, काय सांगू. त्यांना ठाऊक आहे बापाचा पाय घसरला आणि माणसाचा डोळा गेला. धाकटी सोमवार धरते त्यासाठी, बापाचं पाप फिटायला. मग पुढची पेंढी घेतली. मी वाटेला लागले.

आता तो नाही, आणि त्याला कोणी पकडूही शकत नाही. मला तिथवर जायला गुडघे देत नाहीत. हे ज्याच्या हातात पडेल त्याने पेडण्याला जाऊन पांडू मार्करच्या मुलींची घरं विचारावी, कोणीही दाखवील. त्यांना हे वाचून दाखवावं. वेळ नसला तर सगळं नको. कोर्ट सुकं होतं, एवढंच सांगा.